रुमालावर नाव नसते

इंदापूरच्या एस. टी. स्टँडावर बारामतीची गाडी लागली की तिच्याभोवती जी झुंबड उडते, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना वर्णन करून सांगण्याची गरज नाही, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांना ते वर्णन खरे वाटणार नाही. गाडी पुरती थांबलेलीही नसते. खालून एक हात वर जातो, खिडकीतून आत शिरतो आणि आसनावर एक रुमाल पडतो. कधी टोपी पडते, कधी पिशवी, आणि सणासुदीला तर एखादे कडेवरचे पोरच आत सरकवले जाते. मग त्या हाताचा धनी सावकाश दाराकडे जातो. तो आत येईपर्यंत कोणी त्या जागेवर बसू लागलाच तर मागून आवाज येतो, "ओ पाव्हणं, रुमाल हाय तिथं!" आणि भले भले मुकाट्याने पुढे सरकतात.

या रुमालाचे मला फार कौतुक आहे. मी राहतो इंदापुरात आणि मराठी शिकवतो बारामतीत. त्यामुळे निमगाव केतकी, अंथुर्णे, जंक्शन, भवानीनगर, काटेवाडी हा रस्ता मला पाठ आहे आणि रुमालाचा कायदाही. तो कोठे छापलेला नाही, पण त्याची कलमे सर्वांना ठाऊक आहेत. एका माणसाने एकच रुमाल टाकावा. लेकुरवाळ्या बाईपुढे रुमालाने हट्ट करू नये. गाडी हलेपर्यंत धनी आला नाही तर रुमाल उचलून वरच्या फळीवर ठेवावा, फेकू नये. आणि सर्वांत मोठे कलम म्हणजे, रुमाल कोणाचा हे विचारण्याचे कारण नाही. चौकशी होते, नाही असे नाही. कुठले? कोणाकडे निघालात? ऊस गेला का? पण ती जागेवर बसल्यानंतर, शेंगा खाता खाता. आणि उत्तर द्यायचे की खिडकीबाहेर पाहायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. जागा मिळण्यासाठी नाव सांगावे लागत नाही.

हे सारे आठवण्याचे कारण असे की, गेल्या जानेवारीत आमच्या कलामंडळाने माझ्यावर एक काम सोपवले. बारामती आणि इंदापूर या दोन्ही गावांतल्या हौशी लोकांनी मिळून चालवलेले हे मंडळ आहे. वर्षाला दोन नाटके, एक गाण्याची बैठक आणि मुलांची काव्यवाचनाची स्पर्धा, एवढा त्याचा पसारा. मंडळाचे नाव मी सांगत नाही, कारण पुढे जी चूक सांगायची आहे ती मंडळाची कमी आणि माझी अधिक आहे. काम असे होते की, तिकीटविक्रीचे नियम लिहून काढायचे, आणि प्रेक्षकांची जी नावे, गावे, फोन नंबर आपल्यापाशी जमतात त्यांचे काय करायचे तेही लिहायचे. संस्थेत मराठीचा प्राध्यापक असला की निमंत्रणपत्रिका, मानपत्र आणि श्रद्धांजली ही तीन कामे त्याच्याकडे वंशपरंपरेने येतात. त्यांत ही चौथ्याची भर. "नियम म्हणजे काय हो, एक पान!" असे अध्यक्ष म्हणाले. त्या एका पानाला चार सभा लागल्या आणि एक प्रायोजक खर्ची पडला.

तसा आमच्या भागाला करार नवा नाही. आमच्याच पुणे जिल्ह्यात नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रेचे कारभारी तेथे जातात, या राहुटीतून त्या राहुटीत हिंडतात आणि आपल्या ग्रामदैवताच्या यात्रेसाठी फड ठरवतात. याला सुपारी देणे म्हणतात. (अलीकडे या शब्दाला जो भलताच अर्थ चिकटला आहे, त्यात बिचाऱ्या सुपारीचा काही दोष नाही.) तिथी कोणती, रक्कम किती, विसार किती, बाकी केव्हा, हे सारे ठरते. पण यात्रेच्या रात्री समोर मातीत बसणाऱ्या त्या अफाट समुदायातल्या एकाचेही नाव त्या व्यवहारात कोठे नसते.

याच्या उलट तऱ्हा दरबाराची. बारामतीला बाबूजी नाइकांच्या आश्रयाला मोरोपंत होते. वाड्यातल्या बैठकीला कोण आले, कोण कोठे बसले, हे आश्रयदात्याला ठाऊक असणारच. तो त्याचा पाहुणाच. सांगलीला १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले तेही राजाश्रयानेच. पुढे १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत तिकीट लावून खेळ केले आणि मराठी नाटकाला एक नवाच माणूस भेटला. त्याला कोणी बोलावले नव्हते, तो कोणाचा पाहुणा नव्हता, आणि दाराशी पैसे टाकले की तो कोण हे विचारण्याचा अधिकार कोणाला राहिला नव्हता. तिकिटाचा शोध पैशासाठी लागला हे खरेच. पण त्याने प्रेक्षकाला एक गोष्ट फुकटात दिली, ती म्हणजे अनोळखी राहून हसण्या-रडण्याची मोकळीक. नाट्यगृहाच्या खिडकीत तो जुना 'प्लॅन' असे, आठवतो ना? चौकोनांच्या रांगा, त्यांत आकडे, आणि विकलेल्या जागेवर पेन्सिलीची फुली. त्यात नावाला जागाच नव्हती.

आमच्या मंडळात नाव शिरले ते फोनमुळे. प्रयोग बारामतीला, तिकिटे मिळणार बारामतीच्या एका दुकानात. इंदापूरच्या किंवा वालचंदनगरच्या माणसाने एका तिकिटासाठी तेवढा प्रवास का करावा? म्हणून आम्ही फोनवर जागा राखून ठेवू लागलो, आणि राखायची म्हणजे कोणासाठी हे लिहावेच लागले. एक लांबट वही आणली. नाव, गाव, फोन, खुर्चीचा नंबर, पैसे आले की नाहीत, असे पाच रकाने. वही माझ्याकडे. अक्षर सुवाच्य म्हणून!

गेल्या वर्षी डिसेंबरात आम्ही एक विनोदी नाटक केले. दोन दिवस आधी गोंधळ उघडकीला आला की, बऱ्याच खुर्च्या दोनदोनदा दिल्या गेल्या आहेत. वेळ थोडा होता. मी वहीच्या सगळ्या पानांचे फोटो काढले आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकले. खाली लिहिले, 'प्रत्येकाने आपापला नंबर तपासून घ्यावा.' एका खुर्चीवर दोन माणसे येऊ नयेत, एवढाच हेतू. समूहात दोनशेच्या वर माणसे. ती पाने तेथून कोठकोठे गेली हे मी सांगू शकत नाही. प्रयोग उत्तम झाला. एकाही खुर्चीवर भांडण झाले नाही, याबद्दल माझे अभिनंदनही झाले.

पंधरा दिवसांनी स्टँडावर एक बाई माझ्यापाशी आल्या. त्यांचे गाव, वय, त्या काय करतात, हे मी येथे लिहिणार नाही. ही हकीकत लिहायला त्यांनी परवानगी दिली ती याच अटीवर.

"सर, तिकिटाचे पैसे मी दिले होते ना?"

"हो ताई."

"पुरते?"

"पुरते."

"मग माझं नाव कशाला वाटलंत?"

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितले. त्यांच्या यजमानांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. वर्षश्राद्ध व्हायचे होते. घरात सणवार बंद, पुरणपोळी बंद, कोणाच्या लग्नाला जायचे तरी अक्षता टाकून परत. एका मैत्रिणीने आग्रह केला, 'तीन तास चल, अंधारात कोण बघतंय,' म्हणून त्या आल्या. दोघी मागच्या रांगेत बसल्या, मध्यंतरातही उठल्या नाहीत. आणि त्यांचे नाव, गाव, खुर्चीचा नंबर असे माझ्या सुवाच्य अक्षरातले पान त्या घरी पोहोचण्याच्या आधी त्यांच्या जावेच्या फोनवर पोहोचले होते. 'वर्ष सरलं नाही आन् ही इनोदी नाटकाला!' हे वाक्य मग भावकीत फिरले. त्यांच्या सासूबाईंनी एक शब्द विचारला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा त्यांच्या हातचा घेतला नाही.

"आठ महिन्यांत पहिल्यांदा हसले होते हो," त्या म्हणाल्या. "तेवढं मला माझं मला ठेवायचं होतं."

गाडी लागली. त्यांनी रुमाल टाकला आणि त्या गेल्या.

घरी येईपर्यंत मी मनाशी स्वतःची वकिली करीत होतो. आपल्याकडे भिंतीवर नावे लावण्याची चाल काय आजची आहे? आगगाडीच्या डब्यावर आरक्षणाचा तक्ता चिकटवलेला असे: नाव, वय, पुरुष की स्त्री, आणि उतरणार कोठे. दौंडच्या फलाटावर आम्ही पोरे तो मोठ्याने वाचीत असू आणि बावन्न वर्षांच्या कोणा अनोळखी काकूंना खिडकीतून शोधीत असू. २०१८ सालापासून मोठ्या स्थानकांवर तो चिकटवणे बंद झाले, आणि तेही मुख्यतः कागद वाचावा म्हणून. परीक्षेचे निकाल फळ्यावर, वर्गणीच्या याद्या मांडवात, पाणीपट्टीची थकबाकी चावडीवर! नाव झाकायचे असते हे आपल्याला शिकवले कोणी? वकिली झकास चालली होती. पण सकाळच्या त्या न घेतलेल्या चहापाशी ती येऊन अडे.

सभेत मी हा विषय काढला तेव्हा एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "अहो सर, एवढ्याशा आपल्या गावात कसली आलीय खासगी?" प्रश्न मराठीच्या मास्तरला विचारल्यावर उत्तर शब्दापासूनच सुरू होणार. 'खासगी' हा आपल्याकडे फारसीतून आलेला शब्द, आणि पेशवाईत त्याचा अर्थ धन्याच्या घरचा, दौलतीच्या हिशोबापासून वेगळा, असा होता. होळकरांच्या दौलतीत 'खासगी' म्हणून निराळी मिळकतच असे. पुण्यातल्या खासगीवाल्यांचे आडनाव या कारभारातून आले आहे. म्हणजे खासगी असण्याचा मान एके काळी ज्याच्या दारी हत्ती झुलत त्याचा होता. रयतेला खासगी कसली? तिचे सारे चव्हाट्यावर. तो मान आता दीडशे रुपयांचे तिकीट काढणाऱ्या बाईकडे आला आहे, एवढाच काय तो फरक पडला, असे मी म्हणालो. ज्येष्ठ सभासद हसले. पटले असे मात्र म्हणाले नाहीत.

फरक कोणी पाडला तेही मग वाचून काढले. २०१७ च्या २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. दावा लावणारे पुट्टस्वामी हे स्वतः निवृत्त न्यायाधीश. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले. माहिती ठेवणाऱ्यांवरची बहुतेक बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात, लागू व्हायची आहेत. कायद्याचे मराठी कोणालाही झोप आणील असे असते. पण त्यातल्या काही गोष्टी मला आमच्या वहीसाठीच लिहिल्यासारख्या वाटल्या. माहिती कशासाठी घेतो हे आधी सांगावे, आणि ते इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, अर्थात मराठीतही, वाचण्याची सोय असावी. ज्या कामासाठी घेतली ते संपले की ती पुसावी. दिलेली संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता यावी. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती आईबापांच्या संमतीवाचून घेऊ नये.

आणि एक गंमत. कागदावरच्या वहीला हा कायदा लागत नाही. वहीचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला की लागतो. म्हणजे पाच रकान्यांची वही कपाटात होती तोवर मी नुसता मास्तर होतो. कळ दाबली त्या क्षणी कायद्याच्या कक्षेत शिरण्याजोगा माणूस झालो. कायद्यातला जास्तीत जास्त दंड अडीचशे कोटी रुपये आहे असे मी वाचून दाखवले तेव्हा आमचे खजिनदार पाणी प्यायले. मंडळाची शिल्लक त्या रकमेपुढे किती शून्यांनी उणी आहे याचा हिशोब त्यांनी त्याच सभेत केला. इतका दंड आमच्यासारख्याला कोणी करणार नाही हे उघड आहे, पण त्या आकड्याने एक काम केले. तोवर डुलक्या घेणारे दोघे जागे झाले.

तिसऱ्या सभेत प्रायोजकाचा प्रश्न आला. गावातल्या एका व्यापाऱ्याने पुढच्या नाटकाला पंचवीस हजार देऊ केले होते, आणि बदल्यात एकच गोष्ट मागितली होती. जाहिरातीचा फलक नको, मानाची खुर्ची नको, "तेवढी तुमची प्रेक्षकांची नंबरांची यादी द्या." पंचवीस हजार म्हणजे आमच्या नेपथ्याचा आणि प्रकाशयोजनेचा खर्च. सभेत सरळ दोन तट पडले. एक पक्ष म्हणाला, नंबरच तर आहेत, लोक मिठाईच्या दुकानातही नंबर सांगतात. दुसऱ्या पक्षात खजिनदार एकटे होते, आणि गंमत म्हणजे पैशाची सर्वांत अधिक चिंता त्यांनाच. ते म्हणाले, "ती यादी आपली कुठाय? लोकांनी खुर्ची धरायला दिली. मी तुमच्याकडं सायकल ठेवली म्हणून तुम्ही ती भाड्यानं लावणार का?" मला तीन आठवडे शोधून न सापडलेले वाक्य त्यांनी सहज बोलून टाकले. मतदान झाले. पाच विरुद्ध चार मतांनी यादी द्यायची नाही असे ठरले. प्रायोजक गेले. पुढचे नाटक आम्ही एका पडद्यावर आणि दोन खुर्च्यांवर केले आणि त्याला 'प्रतीकात्मक नेपथ्य' म्हटले.

मग नियम झाले. पैसे परत करण्यावरून फार वेळ गेला. प्रयोग मंडळाने रद्द केला तर पैसे पुरते परत, यावर वाद नव्हता. प्रेक्षकाला येता आले नाही तर? आमच्याकडे ऊसतोडीची टोळी ऐन वेळी दारात येते, रात्रीच्या विजेची पाळी येते, घरात कोणी आजारी पडते. 'सबळ कारण असल्यास' असा शब्द मी मसुद्यात घातला होता. तोही खोडला. सबळ कारण म्हटले की कारण सांगावे लागते, आणि ते सांगावे लागणे हीच अनेकांना शिक्षा असते. आता आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिकीट परत आले तर पैसे परत. का, ते विचारायचे नाही. प्रयोग छापलेल्या वेळेला सुरू होईल, कोणी पाहुणे आले असोत वा नसोत. कारण इंदापूरच्या शेवटच्या गाडीला पाहुण्यांची पर्वा नसते. हा नियम अध्यक्षांना फार जड गेला.

नावाचे असे केले. खिडकीवर रोख पैसे दिले तर नाव नाही, नंबर नाही. खुर्चीचा आकडा असलेली चिठ्ठी घ्यावी आणि जावे. फोनवर जागा धरायची तर एक खुणेचे नाव पुरे. ते खरेच असले पाहिजे असे नाही. फोन नंबर घेतो तो प्रयोग पुढे गेला तर कळवण्यासाठी, हे तिथल्या तिथे सांगायचे. पुढच्या नाटकाची खबर हवी असेल तर प्रेक्षकाने आपल्या हाताने वेगळ्या कागदावर लिहावे. प्रयोगानंतर पंधरा दिवसांनी वहीची पाने फाडायची. प्रेक्षकांकडे कॅमेरा वळवायचा नाही. काव्यवाचनात बक्षीस मिळालेल्या मुलाचे नाव आईवडिलांनी हो म्हटले तरच छापायचे, आणि शाळा, इयत्ता, पत्ता यांची माळ त्याला जोडायची नाही. यावर मात्र पालकांचीच तक्रार आली. त्यांना माळ हवी असते!

खुणेच्या नावांनी मोठी बहार आणली. पहिल्याच प्रयोगाला वहीत 'भीमा', 'दुसरी रांग', 'चष्मेवाला', 'उजनी' आणि दोन 'मोरोपंत' आले. त्यांतल्या एका मोरोपंतांची खुर्ची दुसऱ्याला गेली आणि आम्ही जो गोंधळ टाळायला निघालो होतो तो दारातच उभा राहिला. आता खुणेच्या नावापुढे आकडा लावतो.

त्या बाई या प्रयोगाला आल्या होत्या की नाही हे मी सांगू शकत नाही. मी खिडकीवर होतो, पण मान खाली घालून आकडे लिहीत होतो. मागच्या रांगेतल्या दोन जोडखुर्च्या शेवटच्या दिवशी रोखीने गेल्या, एवढे प्लॅनवर दिसते.

प्रयोगानंतर सोळाव्या दिवशी खजिनदार वही घेऊन माझ्या घरी आले. आम्ही ओट्यावर बसून एकेक पान फाडले आणि बंबात घातले. एक पान मात्र त्यांनी बाजूला काढून घडी करून खिशात ठेवले. मी नियमाची आठवण करून दिली. ते म्हणाले, "काम संपलं की पुसायचं, असंच आहे ना तुमच्या कायद्यात? हे उधारीचं पान आहे. काम कुठं संपलंय?"

त्या पानावर तीन नावे होती. तिसरे माझे होते.